समुद्राने सांभाळलेली कपबशी

डच ईस्ट इंडिया कंपनीचे 'गेल्डरमाल्सेन' हे जहाज डिसेंबर १७५१ मध्ये चीनमधील कँटनहून, म्हणजे आजच्या ग्वांगझोहून, नेदरलँड्सकडे निघाले. जहाजावर ६,८६,९९७ पौंड चहा, रेशमी कापड, सोन्याच्या १४७ लगडी आणि चिनी मातीच्या भांड्यांच्या २०३ पेट्या होत्या. या पेट्यांत मिळून २,३९,२०० भांडी होती. ३ जानेवारी १७५२ रोजी दक्षिण चिनी समुद्रात, आजच्या इंडोनेशियाच्या हद्दीतील बिंतान बेटाजवळ, खडकावर आदळून जहाज बुडाले. १९८५ मध्ये त्यातील दीड लाखाहून अधिक भांडी वर काढण्यात आली. पुढच्या वर्षी आम्स्टरडॅममध्ये त्यांचा लिलाव झाला आणि तेव्हापासून हा साठा 'नानकिंग कार्गो' या नावाने जगभर ओळखला जातो.

या भांड्यांनी केलेला प्रवास आजही टप्प्याटप्प्याने करता येतो. त्याची सुरुवात चीनच्या अंतर्भागातील एका मातीच्या डोंगरापाशी होते. तिथून नद्या, एक घाट, एक बंदर आणि एक उथळ खडक ओलांडत तो युरोपातील संग्रहालयांपर्यंत पोहोचतो. सुटी बशी हातात घेतली तर तिच्या रंगरूपावरून काही गोष्टी कळतात. ती कोणत्या मालासोबत, किती संख्येने आणि कोणासाठी निघाली होती हे मात्र पूर्ण वाट पाहिल्याशिवाय उमगत नाही.

जिंगदेझेन : माती, पाणी आणि आग

जिंगदेझेन हे शहर जियांगशी प्रांतात चांग नदीच्या काठी वसले आहे. सोंग घराण्यातील सम्राट झेनझोंग याच्या 'जिंगदे' या राजवर्षनामावरून १००४ मध्ये त्याला हे नाव मिळाले. शहराच्या ईशान्येला गाओलिंग नावाचे गाव आहे. गाओलिंग म्हणजे 'उंच डोंगरकडा'. तिथे सापडणाऱ्या पांढऱ्या मातीला जगभर 'केओलिन' म्हणतात, तो शब्द याच गावाच्या नावावरून आला. मराठीने तर अख्ख्या देशाचेच नाव या मातीला दिले. लोणच्याच्या बरणीपासून कपबशीपर्यंत सगळे 'चिनी मातीचे'.

नुसत्या केओलिनपासून मात्र अस्सल पोर्सेलिन बनत नाही. त्यात एका विशिष्ट दगडाची पूड मिसळावी लागते. केओलिन भट्टीतल्या उष्णतेत भांड्याचा आकार टिकवून धरते आणि दगडाची पूड वितळून सारे कण एकजीव करते. दगड कुटण्यासाठी ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी चाके आणि त्यांनी उचलली जाणारी मोठी लाकडी मुसळे वापरत. अशी मुसळे जिंगदेझेनच्या आसपासच्या डोंगरी खेड्यांत आजही पाहायला मिळतात. पूड पाण्यात निवळून तिच्या विटा पाडल्या जात आणि त्या होडीने शहरात येत.

सुमारे १,३०० अंश सेल्सियसला भांडे भाजले की त्याचे अंग काचेसारखे घट्ट होते आणि पाणी आत शिरत नाही. निळे रंगकाम कच्च्या भांड्यावर कोबाल्टने करतात, त्यावर झिलई चढवतात आणि मग भांडे भट्टीत जाते. रंग झिलईच्या खाली कायमचा बंदिस्त होतो. लाल, सोनेरी किंवा गुलाबी रंग मात्र भाजलेल्या झिलईवर लावून दुसऱ्यांदा, बऱ्याच कमी उष्णतेवर पक्के करतात. झिलईखालचा रंग आणि झिलईवरचा रंग यांतील फरक जिंगदेझेनमध्ये केवळ कारागिरीचा वाटतो. त्याचा खरा अर्थ समुद्रतळावर कळतो.

फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशक फ्राँस्वा झाव्हिए दांत्रकोल याने १७१२ आणि १७२२ मध्ये लिहिलेल्या पत्रांत या शहराचे काम बारकाईने टिपले आहे. एक भांडे सुमारे ७० कामगारांच्या हातांखालून जाते असे त्याने नोंदवले. कोणी फक्त चाकावर आकार द्यायचा, कोणी फक्त तळ तासायचा. एकाने काठावरची निळी रेघ ओढायची, दुसऱ्याने फुलांची बाह्यरेषा काढायची, तिसऱ्याने ती भरायची. यंत्रयुगाच्या आधीच इथे कामाची अशी बारीक वाटणी झाली होती. म्हणूनच एकाच नक्षीच्या हजारो बशा एका हंगामात तयार होऊ शकत.

शहरातील जुन्या भट्ट्यांच्या संग्रहालयात अंड्याच्या आकाराची, पाइनच्या लाकडावर पेटणारी भट्टी जतन केली आहे. भांड्यांना राख आणि ज्वाळा लागू नयेत म्हणून ती जाड मातीच्या डब्यांत ठेवून डब्यांच्या चळती लावत. जवळच उभारलेल्या शाही भट्टी संग्रहालयाच्या लांबट कमानी विटांच्या आहेत आणि त्यांत जुन्या भट्ट्यांतून काढलेल्या विटाही वापरल्या आहेत. शहरात जिथे जमीन खणावी तिथे फुटक्या भांड्यांचे थर लागतात. जुन्या बाजारात या तुकड्यांचीही खरेदी-विक्री चालते.

नद्या आणि घाट

कँटनकडे जाणारा माल चांग नदीतून पोयांग सरोवरात येई आणि तिथून गान नदीने प्रवाहाविरुद्ध दक्षिणेकडे जाई. गानझोच्या खालच्या अंगाला या नदीत धोकादायक खडकाळ धारा होत्या. तिथे होड्या फुटण्याची भीती असे. गानझोमध्ये सोंगकालीन तटबंदी आणि होड्या एकमेकींना बांधून केलेला तरंगता पूल आजही पाहता येतो.

नदीचा मार्ग दायू गावापाशी संपतो. पुढे जियांगशी आणि ग्वांगडोंग या प्रांतांच्या सीमेवर मेइलिंगचा डोंगर आडवा येतो. मेइ म्हणजे चिनी आलुबुखाऱ्याचे झाड. त्याचा फुलोरा हिवाळ्याच्या शेवटी या घाटात येतो. थांग घराण्याचा मंत्री आणि कवी झांग जियुलिंग याने ७१६ मध्ये इथला रस्ता रुंद करून घेतला. दगडगोट्यांनी बांधलेली ती वाट आणि माथ्यावरचा दरवाजा अजून शाबूत आहे. भांड्यांच्या पेट्या हमाल खांद्यावरून नेत. घाट उतरून नानशियोंगला पोहोचले की पेट्या पुन्हा होडीत चढत आणि बेई नदीने कँटनला येत. ठिसूळ माल असूनही या मार्गाचा बहुतेक भाग पाण्यावरून जातो, आणि त्यामुळेच हा व्यापार परवडत असे.

कँटन : वखारी आणि नांगर

ग्वांगझोमध्ये पर्ल नदीच्या काठावर परदेशी कंपन्यांच्या वखारी एका ओळीत उभ्या होत्या. चिनी बाजूने व्यवहार पाहणाऱ्या परवानाधारक व्यापारी पेढ्यांना 'तेरा हाँग' म्हणत, जरी त्यांची संख्या प्रत्यक्षात कमीजास्त होत असे. युरोपीयांना शहराच्या तटाआड प्रवेश नव्हता, बायकांना सोबत आणता येत नव्हते आणि हंगाम संपला की वखार सोडावी लागे. त्या वखारी आगीत नष्ट झाल्या. आज त्या जागी कल्चर पार्क नावाची बाग आहे आणि बागेतच तेरा हाँगांचे संग्रहालय आहे. शेजारच्या रस्त्याला अजूनही तेच नाव आहे.

मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती नदीच्या खालच्या अंगाला हुआंगपू येथे, युरोपीय उच्चारात व्हाम्पोआ येथे, नांगर टाकत. १६०० मध्ये बांधलेला पाझोचा नऊ मजली मनोरा खलाशांना दुरून दिसे आणि नांगराची जागा जवळ आल्याची ती खूण असे. हा मनोरा आता आधुनिक प्रदर्शन केंद्रांच्या गर्दीत उभा आहे. जवळचे जुने हुआंगपू बंदर हे गाव पायी फिरण्यासारखे आहे.

इथे माल भरण्याची एक ठरलेली रीत होती. चहाला ओल चालत नाही आणि जहाजाच्या तळाशी पाणी झिरपतेच. म्हणून तळाशी भांड्यांच्या पेट्या रचत, त्यांचा सपाट थर करत आणि त्यावर चहा ठेवत. भांड्यांना ओलीचे भय नव्हते आणि त्यांच्या वजनाने जहाजाचा तोलही सांभाळला जाई. व्यापारी हिशेबात चहा हा मुख्य माल होता. भांडी त्याच्या मानाने स्वस्त होती.

'गेल्डरमाल्सेन'ची माल-यादी उपलब्ध आहे आणि ती त्या काळच्या युरोपीय घरात डोकावण्याची खिडकी आहे. त्यात चहाचे कप व बशा ६३,६२३, कॉफीचे १९,५३५ आणि चॉकलेट पेयाचे ९,७३५ होते. उरलेला चहा ओतून टाकण्याचे वाडगे २५,९२१, सपाट जेवणाच्या ताटल्या १४,३१५, सूपच्या ताटल्या १,४५२, चहाच्या किटल्या ५७८, दुधाची भांडी ५४८, इंग्रजी पद्धतीचे बिअरचे पेले ८२१ आणि लोण्याची भांडी १९५. याशिवाय जेवणाचे १७१ पूर्ण संच होते. यादीत ओकारीची लहान भांडी ६०६ आणि पिकदाण्या २९९ अशाही नोंदी आहेत. राजवाड्यातील दालनात ठेवण्याच्या मौल्यवान फुलदाण्यांचा हा माल नव्हता. बाजारात विकून मध्यमवर्गीय घरांत रोज वापरायचा हा माल होता.

खडक

ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की कँटनहून जहाजे दक्षिणेकडे निघत. 'गेल्डरमाल्सेन' हे कंपनीच्या झीलंड शाखेचे, मिडलबर्गच्या गोदीत बांधलेले, सुमारे १५० फूट लांबीचे जहाज होते. त्याचा कप्तान होता यान डीडरिक मोरेल. ३ जानेवारी १७५२ रोजी, धोक्याचा खडक मागे पडला या समजुतीने जहाज दक्षिणेला वळवण्यात आले आणि ते त्याच खडकावर चढले. खडकावरून ते सुटले, पण पुन्हा आदळून रात्रीत फुटले. जहाजावर ११२ माणसे होती. त्यांपैकी ३२ जण दोन होड्यांतून निघाले आणि सुमारे आठवड्याने बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, पोहोचले. कप्तानासह ८० जण बुडाले. वाचलेल्यांमधील सर्वांत वरिष्ठ खलाशी क्रिस्टोफेल फान डाइक याची कंपनीने कसून चौकशी केली. कंपनीला सोन्याची काळजी अधिक होती.

आज सिंगापूरहून बोटीने बिंतान बेटावरील तांजुंग पिनांगला जाता येते. बेटाच्या पूर्वेला खुल्या समुद्रात हे खडक आहेत. भरतीला ते पाण्याखाली असतात, आणि लाटांची पांढरी फेसाळ रेघ तेवढी त्यांची जागा दाखवते. तिथे ना स्मारक आहे, ना फलक.

समुद्रतळ

बुडालेल्या जहाजांचे शोधक, ब्रिटनमध्ये जन्मलेले आणि ऑस्ट्रेलियात वाढलेले मायकेल हॅचर यांनी १९८५ मध्ये 'गेल्डरमाल्सेन'चे अवशेष शोधले. जहाजाचे लाकूड बहुतांशी नष्ट झाले होते. भांड्यांवर मात्र चहाचा जाड, काळपट थर साचला होता. लाकडी पेट्या कुजल्या, पण चहाच्या या लगद्याने भांड्यांना प्रवाळापासून आणि वाळूच्या घर्षणापासून वाचवले. म्हणून अनेक ताटल्या चळतीत, पॅक केल्या त्याच क्रमाने मिळाल्या. १४७ पैकी १२५ लगडीही वर आल्या. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन संग्रहालयाचे तज्ज्ञ क्रिस्तियान यॉर्ग यांनी कंपनीची जुनी कागदपत्रे आणि मिळालेला माल एकमेकांशी ताडून पाहिला आणि जहाजाचे नाव निश्चित केले. यादीतल्या नोंदी आणि तळावरची भांडी जुळत गेली. ओकारीच्या भांड्यांची नोंद केवळ कागदावर कोडे ठरली असती, पण चळतीतली खरी भांडी सापडल्यावर त्यांचे रूप डोळ्यांसमोर आले.

जिंगदेझेनमध्ये पाहिलेला झिलईचा फरक इथे उलगडतो. निळ्या-पांढऱ्या भांड्यांवरची नक्षी झिलईखाली असल्याने दोनशे वर्षांच्या खाऱ्या पाण्यानंतरही बहुतेक ठिकाणी ताजी राहिली. निळ्यासोबत लाल-सोनेरी रंग असलेली भांडीही या मालात होती. त्यांचे वरचे रंग समुद्राने पुसून टाकले. अशी ताटली तिरक्या उजेडात धरली की निळ्या फांदीच्या टोकाला जिथे लाल फूल असावे तिथे झिलईवर केवळ फुलाच्या आकाराचा मंद ठसा दिसतो. पुराणवस्तूच्या हौशी संग्राहकांसाठी ही मोठी खूण आहे. समुद्रातून आलेले म्हणून विकल्या जाणाऱ्या भांड्यावर वरचे रंग अगदी झळझळीत असतील, तर थांबून विचार करावा.

वर काढलेली भांडी लगेच वाळवणे धोक्याचे असते. बारीक भेगांत आणि तळाच्या उघड्या कडेत शिरलेले मीठ सुकताना स्फटिक बनते आणि झिलईचे पापुद्रे उडवते. म्हणून भांडी गोड्या पाण्यात बराच काळ बुडवून ठेवतात आणि पाणी वारंवार बदलतात. पाण्यातील क्षार मोजून ते पुरेसे कमी झाल्यावरच भांडी हळूहळू वाळवली जातात.

या मालातील एक साधी जोडी निरखण्यासारखी आहे. लहान कप आणि त्याची बशी, दोन्हींची बाहेरची बाजू तपकिरी झिलईची. हा प्रकार बटाव्हिया बंदराच्या नावाने 'बटाव्हिया ब्राउन' म्हणून ओळखला जातो. आतली बाजू पांढरी असून तिथे निळ्या रंगात नदीकाठ, मंडप आणि झाडे रंगवली आहेत. कुंचल्याचे फटकारे भरभर मारलेले आहेत, एका झटक्यात झाड आणि दोन झटक्यांत डोंगर. कपाला कान नाही. तळाची गोल कड झिलईविना खडबडीत आहे, कारण भट्टीत भांडे याच कडेवर उभे असते. युरोपात त्या काळी गरम चहा बशीत ओतून पिणे सर्रास चाले, त्यामुळे बशी खोलगट आहे. महाराष्ट्रात बशीत चहा ओतून फुंकर घालत पिणाऱ्यांना ती ओळखीचीच वाटेल.

'नानकिंग' हे नाव मात्र फसवे आहे. ही भांडी नानकिंग शहरात बनली नाहीत आणि तिथून जहाजात चढलीही नाहीत. निळ्या-पांढऱ्या निर्यात मालासाठी युरोपीय व्यापारात रूढ झालेले ते नाव होते, आणि लिलावासाठी तेच वापरले गेले.

लिलाव आणि त्यानंतर

ख्रिस्टीज संस्थेने २८ एप्रिल ते २ मे १९८६ या काळात आम्स्टरडॅममध्ये लिलाव केला. पाच दिवसांत विक्रीचा आकडा सुमारे एक कोटी पौंडांवर गेला. समुद्रतळावर दोनशे वर्षे एकत्र राहिलेला माल पाच दिवसांत जगाच्या कानाकोपऱ्यांत विखुरला. चिनी सरकारने दोन जाणकार ३०,००० डॉलर घेऊन पाठवले होते, पण त्यांना एकही वस्तू घेता आली नाही. या अनुभवानंतर चीनने १९८७ मध्ये स्वतःचे सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू केले. इंडोनेशियातही बुडालेल्या जहाजांतील मौल्यवान वस्तूंबाबत १९८९ मध्ये राष्ट्रीय समिती नेमण्यात आली.

पुरातत्त्वज्ञांची हरकत मूलभूत होती. घाईने माल काढताना कोणते भांडे कुठे आणि कशाशेजारी होते याची नोंद पुरेशी झाली नाही. जहाजाच्या सांगाड्याचा अभ्यासही राहून गेला. बशी टिकली, पण तिच्या आजूबाजूचा संदर्भ हरवला. युनेस्कोने २००१ मध्ये पाण्याखालील सांस्कृतिक वारशाचा करार केला आणि तो २००९ मध्ये लागू झाला. या वारशाचा व्यापारी उपयोग करू नये, हे त्याचे एक मुख्य तत्त्व आहे.

दुसरी पद्धत ग्वांगडोंग प्रांतात हायलिंग बेटावर पाहता येते. 'नानहाय क्रमांक एक' हे सोंगकालीन व्यापारी जहाज १९८७ मध्ये सापडले. ते गाळासकट एका अजस्र पोलादी पेटीत बंद करून डिसेंबर २००७ मध्ये उचलण्यात आले आणि समुद्रकिनारी बांधलेल्या संग्रहालयात नेण्यात आले. तिथे प्रेक्षकांसमोर थराथराने उत्खनन होत गेले आणि १,८०,००० हून अधिक वस्तू निघाल्या. कोणते भांडे कोणत्या कप्प्यात, कशाच्या वर आणि कशाच्या खाली होते, हे त्या जहाजाबाबत सांगता येते.

भारताच्या किनाऱ्यावरही चिनी भांड्यांची वाट पोहोचली होती. गोव्यात मुरगावजवळ सुंची खडकापाशी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांना सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. त्यात तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे होते. अनेक तुकडे लाटांनी झिजून गुळगुळीत झालेले आहेत, कारण उथळ पाण्यात त्यांच्यावर चहाचा थर नव्हता. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांच्या कँटनशी असलेल्या संबंधांतून तिथली भांडी आणि भरतकाम मुंबईच्या घरांत आले. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबीयांच्या संग्रहातून आलेली चिनी भांडी पाहता येतात.

'गेल्डरमाल्सेन'च्या भांड्यांचा मोठा गट पाहायचा असेल तर उत्तर नेदरलँड्समधील ग्रोनिंगनला जावे. तिथल्या संग्रहालयात या मालातील ताटल्या आणि कप वाळूत अर्धवट रुतलेल्या अवस्थेत, समुद्रतळावर असाव्यात तशा मांडल्या आहेत. जवळच लेउवार्डन शहरात प्रिन्सेसेहोफ हे मृत्तिकाकलेचे संग्रहालय आहे. बाकीची बहुतांश भांडी आज खासगी घरांत आहेत. अशी एखादी बशी कुठे हाती आलीच, तर तिची खडबडीत कड, काठावरची निळी रेघ आणि घाईने रंगवलेले झाड पाहावे. या प्रत्येक खुणेमागे वेगळा कारागीर होता. आणि त्या बशीसोबत २०३ पेट्या, चहाचा थर आणि ११२ माणसे असलेले एक पूर्ण जहाज होते.